नळाचं पाणी, बेडकाचं हृदय आणि डॉक्टर रिंगर

डेंग्यूच्या सीझनमध्ये कुठल्याही हॉस्पिटलच्या वॉर्डात डोकावलात, तर स्टँडला लटकलेल्या निम्म्याअधिक बाटल्यांवर दोन अक्षरं दिसतील : आरएल. नर्स म्हणतात आरएल, मेडिकलवाला म्हणतो आरएल, नातेवाईक नुसतंच सलाईन म्हणतात. त्यातला एल म्हणजे लॅक्टेट. आणि आर? तो कुठला क्षार नाही की रसायन नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. डॉ. सिडनी रिंगर, लंडन.

या साइटवर आपण सहसा प्रोसेसर, बॅटरी, नेटवर्क अशा गोष्टी उलगडतो. आज मशीन जरा वेगळं आहे. तुमच्या छातीत चालू असलेलं हे मशीन दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देतं आणि त्याला रीस्टार्टचं बटण नाही. हे मशीन कॅल्शियमवर चालतं हे पहिल्यांदा रिंगरनं दाखवलं. ठोके बिघडले की आज जी औषधं देतात, त्यातली काही थेट या कॅल्शियमच्या दारांवर काम करतात. त्या औषधांकडे जायचा रस्ता लंडनमधल्या एका नळापासून सुरू होतो.

रिंगर १८३५ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात जन्मला. घर व्यापाऱ्याचं. चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या पंथातलं, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमध्ये थोडं कडेला पडलेलं. वडील १८४३ मध्येच गेले, सिडनी तेव्हा आठेक वर्षांचा. भाऊ मात्र जबरदस्त निघाले. मोठा जॉन चीनमध्ये शांघायला गेला आणि गडगंज झाला. धाकटा फ्रेडरिक जपानच्या नागासाकीत जाऊन मोठा व्यापारी बनला. त्याचं घर आजही तिथे पर्यटक बघायला जातात आणि जपानमधल्या रिंगर हट या नूडल्सच्या चेनचं नाव त्याच्यावरून पडलंय. म्हणजे एका भावाचं नाव सलाईनवर, दुसऱ्याचं नूडल्सवर. पृथ्वीवर असं दुसरं कुटुंब असेल असं मला वाटत नाही.

सिडनी कुठे गेला नाही. १८५४ मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकी शिकायला दाखल झाला, १८६० मध्ये पदवी घेतली, १८६३ मध्ये एमडी झाला, आणि मग रिटायर होईपर्यंत त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये राहिला. मधली काही वर्षं लहान मुलांच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्येही काम केलं, पण मुक्काम तोच. आपल्याकडे दोन वर्षांत कंपनी बदलली नाही तर लोक विचारतात, काय रे, सगळं ठीक आहे ना? या माणसानं चाळीस वर्षं एकच इमारत धरून ठेवली.

त्याचं मुख्य काम प्रयोगशाळेतलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तो डॉक्टर होता. वॉर्डात राउंड घेणारा, पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून विद्यार्थ्यांना शिकवणारा, दुपारी प्रायव्हेट प्रॅक्टिस करणारा. ताप मोजायला थर्मामीटर वापरणं अजून सगळीकडे रूढ झालेलं नव्हतं, तेव्हा १८६५ मध्ये त्यानं क्षयरोगाच्या निदानासाठी शरीराचं तापमान कसं उपयोगी पडतं यावर लिहिलं. १८६९ मध्ये औषधोपचारांवरचं त्याचं जाडजूड हँडबुक आलं आणि पुढच्या अठ्ठावीस वर्षांत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. त्या पिढीतल्या इंग्रज डॉक्टरांच्या टेबलावर ते असायचंच. रिंगर तेव्हा प्रसिद्ध होता तो या पुस्तकामुळे. प्रयोगशाळा हा त्याचा वेळात वेळ काढून करायचा उद्योग होता. सकाळी लवकर वॉर्ड, मग लगबगीनं कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात, तिथे चालू असलेला प्रयोग बघायचा, सूचना द्यायच्या, आणि परत पेशंटकडे. साइड प्रोजेक्ट म्हणा ना.

आता प्रयोग.

बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी कितीतरी वेळ धडधडत राहतं. आपल्या हृदयाला स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून सतत रक्त लागतं. बेडकाचं हृदय स्पंजासारखं असतं, आत भरलेल्या द्रवातूनच ते लागेल ते शोषून घेतं. त्यामुळे एक सोपा सेटअप जमतो : हृदय एका उपकरणाला बांधायचं, त्यात हवं ते मिश्रण भरायचं आणि ठोके कागदावर उमटवून घ्यायचे. रिंगरचा प्रश्न अगदी साधा होता. रक्तात बऱ्याच गोष्टी असतात. त्यातली नेमकी कुठली गोष्ट हृदयाला धडधडत ठेवते? एकेक घटक वेगळा काढून बघू.

१८८२ मध्ये पहिला पेपर छापून आला. त्यातून दिसत होतं असं, की साध्या मिठाच्या पाण्यावर बेडकाचं हृदय बऱ्यापैकी चालतं. त्यात थोडं पोटॅशियम वगैरे घातलं की अजून नीट. मिठाचं पाणी! म्हणजे फार काही लागतच नाही, असाच कुणाचाही समज झाला असता.

मग पुढच्या काही प्रयोगांत गाडी अडली. तेच मीठ, तेच प्रमाण, तसंच हृदय, आणि ठोके काही मिनिटांतच ढेपाळायला लागले. थोड्या वेळात हृदय थांबलंच. काहीच बदललेलं नव्हतं, तरी सगळं बदललं होतं. कोड लिहिणाऱ्या कुणालाही हा अनुभव पाठ असतो. काल चालत होतं, आज चालत नाही, आणि जो तो शपथेवर सांगतो की मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही.

बदललं होतं पाणी. आधीचं मिश्रण डिस्टिल्ड पाण्यात बनवलंय असं रिंगर धरून चालला होता, प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात बनलं होतं. पुढे नोबेल मिळवलेल्या हेन्री डेलनं ही हकिगत सांगून ठेवली आहे. डेलला ती खुद्द त्या जुन्या सहायकाकडून, फील्डरकडून कळली होती. पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करत बसायचं हे फील्डरला फुकटचं काम वाटे. साहेबांना थोडाच फरक कळणार आहे, म्हणून त्यानं सरळ नळ सोडला होता.

आता तो नळ कुठला, ते महत्त्वाचं आहे. लंडनच्या त्या भागाला न्यू रिव्हर कंपनीचं पाणी यायचं. नाव नदीचं असलं तरी तो एक कालवा, १६१३ मध्ये पूर्ण झालेला, हर्टफर्डशरमधल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणणारा. ते झरे खडूच्या दगडातून पाझरतात. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बोअरच्या पाण्यामुळे बादलीवर, गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तोच हा प्रकार. रिंगरनं पाण्याचं विश्लेषण मिळवलं. त्यात कॅल्शियमचं प्रमाण दहा लाख भागांत साधारण ३८ भाग. एवढंसं. पण रक्तात जितकं मोकळं कॅल्शियम फिरत असतं, त्याच्या ते फार दूर नाही. मिठाच्या पाण्यावर हृदय चालतंय असं वाटत होतं, ते खरं तर लंडनच्या खडूवर चालत होतं.

आमच्या भाषेत याला लपलेली डिपेंडन्सी म्हणतात. तुमचा प्रोग्रॅम एका लायब्ररीवर टेकलेला असतो, पण ते कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ती लायब्ररी तुमच्या लॅपटॉपवर आधीपासून पडून असते. दुसऱ्याच्या मशीनवर गेलं की धाडकन कोसळतं.

ही गोष्ट इंटरनेटवर जिथे जिथे येते तिथे ती आळशी सहायक आणि नशिबानं लागलेला शोध अशी सांगितली जाते. मला ती मांडणी पटत नाही. नळाचं पाणी वापरणारे त्या काळात ढिगानं असतील. रिंगर वेगळा ठरतो तो पुढच्या पायरीला. एकतर दुसऱ्या वेळचा निकाल पहिल्याशी जुळेना, तेव्हा त्यानं तो खराब हृदय मिळालं असेल म्हणून फेकून दिला नाही. आणि दुसरं म्हणजे १८८३ मध्ये त्याच मासिकात दुसरा पेपर काढून त्यानं सरळ लिहिलं की आधीच्या प्रयोगांतलं पाणी नळाचं होतं आणि त्यामुळे आधीचे निष्कर्ष दुरुस्त करावे लागताहेत. पाण्यात काय काय होतं त्याचे आकडेही दिले. तोवर तो पन्नाशीकडे आलेला नावाजलेला प्रोफेसर होता, पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत होत्या. हे गुपचूप दाबून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. गिटहबवरसुद्धा एवढा प्रामाणिक बग रिपोर्ट क्वचित वाचायला मिळतो.

त्या दुसऱ्या पेपरचा गाभा असा. डिस्टिल्ड पाण्यात नुसतं मीठ : हृदय थांबतं. त्यात किंचित कॅल्शियम : हृदय पुन्हा जोरात आकुंचन पावू लागतं. पण फक्त कॅल्शियम घालत गेलात तर वेगळाच घोटाळा होतो. ठोका लांबत जातो, स्नायू आवळतो तो सैल व्हायलाच मागत नाही. मग थोडं पोटॅशियम घातलं की तो सैल पडतो आणि लय परत येते. पोटॅशियम जास्त झालं तर हृदय सैल अवस्थेतच थांबतं. म्हणजे एक आवळणारा, एक सोडवणारा, आणि दोघांच्या ओढाताणीतून ठोका. हे प्रमाण बसवून जे मिश्रण तयार झालं ते रिंगरचं द्रावण. त्यात बेडकाचं हृदय तासन्‌तास चालत राहिलं.

याच वर्षी रिंगरच्या हातून एक गोष्ट झाली, जी त्याच्या कौतुकाच्या लेखांत सहसा गाळतात. विल्यम मरेल या सहकाऱ्याबरोबर त्यानं सोडियम नायट्राइट हे रसायन किती त्रासदायक ठरू शकतं यावर लॅन्सेट मासिकात लिहिलं. त्यासाठी हॉस्पिटलमध्ये आलेल्या अठरा जणांना ते पाजलं होतं. त्यातल्या सतरा जणांनी हे आपल्याला सोसत नाही म्हणून सांगितलं. चक्कर, डोक्यात ठोके, कुणी कोसळायच्या बेतात. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीनं हा कागद पाहताक्षणी फाडला असता. तेव्हाही गदारोळ झालाच. प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणाऱ्यांनी तर हा मुद्दा उचलून धरला : आज बेडूक, उद्या गरीब पेशंट. मरेलला त्याची झळ जास्त लागली. रिंगरचं नाव मोठं होतं, तो निभावून गेला. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, तो रॉयल सोसायटीचा फेलोही झाला. स्वतःची चूक उघड्यावर मांडणारा आणि पेशंटना विचारल्याशिवाय रसायन पाजणारा, हा एकच माणूस होता आणि एकाच वर्षी.

आता १८८३ मधून थेट आजच्या पेशीत उडी मारू, कारण रिंगरनं काय पाहिलं ते त्याशिवाय पुरतं समजत नाही. का होतं हे त्याला माहीत नव्हतं. पेशीला दारं असतात ही कल्पनाच अजून आलेली नव्हती.

हृदयाच्या एका स्नायूपेशीची कल्पना करा. बाहेर कॅल्शियम भरपूर, आत जवळजवळ शून्य. फरक सुमारे दहा हजार पटींचा. पेशी हा फरक मुद्दाम राखते, त्यासाठी सतत पंप चालवते, ऊर्जा खर्च करते. फोनची बॅटरी चार्ज ठेवावी तसं. ठोक्याचा विद्युत संदेश आला की पेशीच्या भिंतीतली कॅल्शियमची दारं क्षणभर उघडतात. यांना चॅनेल म्हणतात. थोडंसं कॅल्शियम आत येतं. हे थोडंसं एकट्यानं स्नायू आवळायला पुरत नाही, ते नुसती ठिणगी असते. पेशीच्या आत कॅल्शियमचं एक स्वतंत्र कोठार असतं, आणि त्या कोठारालाही दारं असतात. त्यांना रायनोडिन रिसेप्टर म्हणतात. नाव एका झाडाच्या विषावरून पडलं, कारण ते विष नेमकं या दाराला चिकटतं. आकारानं हे प्रथिन राक्षसी आहे, आपल्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या चॅनेलांपैकी एक. बाहेरून आलेल्या ठिणगीनं ही आतली दारं उघडतात आणि कोठारातलं कॅल्शियम भसकन बाहेर पडतं. पेशीतलं कॅल्शियम सुमारे दहापट होतं, स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात, हृदय आवळतं. लगेच पंप सुरू होतात, बरंचसं कॅल्शियम पुन्हा कोठारात आणि उरलेलं पेशीबाहेर. हृदय सैल. हे सगळं सेकंदाच्या काही दशांशांत.

म्हणजे रिंगरच्या डिस्टिल्ड पाण्यात काय झालं होतं, कळलं ना? ठिणगीलाच माल नव्हता. आणि जादा कॅल्शियमवर हृदय आवळलेलं राहायचं, कारण उपसा कमी पडत होता.

गंमत म्हणजे दार या कल्पनेचा एक महत्त्वाचा धागा त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात सापडला. १९५३ मध्ये पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी खेकडावर्गीय प्राण्यांच्या स्नायूंवर काम करताना पाहिलं की तिथला विद्युत संदेश सोडियमशिवायही चालतो. तो कॅल्शियम वाहून नेत असावं असा तर्क पुढे आला. रिंगरच्या पेपरनंतर सत्तर वर्षांनी.

औषधाची गोष्ट जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइनकडे हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारी दोन नवी औषधं तपासायला आली. त्यातलं एक व्हेरापामिल. ही औषधं हृदयाचा जोर का कमी करतात ते कळत नव्हतं. त्यानं पाहिलं की औषध दिल्यावर पेशीचा विद्युत संदेश उमटतो, पण स्नायू आवळत नाही. हे चित्र त्याच्या ओळखीचं होतं : भोवतालच्या द्रावणातून कॅल्शियम काढून घेतलं की अगदी असंच दिसतं. मग त्यानं द्रावणात जादा कॅल्शियम घातलं, आणि आकुंचन परत आलं. रिंगरनं डिस्टिल्ड पाण्यानं जे केलं, ते हे औषध गोळीतून करत होतं. पूर्ण बंद नाही, थोडंसं. या औषधांना कॅल्शियम अँटॅगोनिस्ट हे नाव त्याच कामातून मिळालं. तुमच्या आजीआजोबांच्या बीपीच्या गोळ्यांत अम्लोडिपिन असेल तर ती याच मोठ्या कुटुंबातली, फक्त तिचा रोख हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांवर जास्त.

ठोक्यांच्या लयीसाठी व्हेरापामिल कामाचं का? हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक टोलनाका असतो, एव्ही नोड. बाकीच्या हृदयात संदेश मुख्यतः सोडियमच्या दारांनी धावतो, पण या नाक्यावर तो कॅल्शियमच्या दारांनी, म्हणून सावकाश, पुढे सरकतो. काही लोकांना अचानक १८०-२०० च्या गतीनं ठोके पडू लागतात, कारण संदेश या नाक्यातून गोल गोल फिरत राहतो. व्हेरापामिलनं नाक्यावरची दारं मंदावली की चक्कर तुटते. पण हेच औषध खालच्या कप्प्यातून सुरू झालेल्या वेगवान ठोक्यांवर दिलं तर पेशंटचं बीपी कोसळू शकतं, जीवही जाऊ शकतो. बाहेरून दोन्हीकडे धडधड सारखीच. फरक ईसीजी वाचणाऱ्यालाच कळतो, आणि कधीकधी त्यालाही घाम फुटतो. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपणही घेऊन बघू, हा प्रकार इथे जिवावर बेततो.

यातला मला सगळ्यात भिडणारा भाग आतल्या कोठाराच्या दाराचा आहे, कारण त्याचे पेशंट तुमच्याआमच्या वयाचे किंवा त्याहून लहान असतात. सीपीव्हीटी नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. मूल दिसायला ठणठणीत. विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफीत हृदय नॉर्मल. पण शाळेच्या मैदानात धावताना, पोहताना किंवा जोरात घाबरल्यावर ते अचानक कोसळतं. बऱ्याचदा फिट आली म्हणून उपचार होतात, आणि खरं कारण ट्रेडमिलवर पळवून ईसीजी काढेपर्यंत सापडत नाही. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजीही बसल्या जागी काढला तर इथे काही सांगणार नाही.

२००१ मध्ये कळलं की यातल्या बऱ्याच जणांच्या रायनोडिन रिसेप्टरच्या जनुकात बदल असतो. म्हणजे कोठाराचं दार नीट बसत नाही. एरवी ते कसंबसं बंद राहतं. पण धावताना ॲड्रेनॅलिन वाढतं, कोठार जास्त भरतं, आणि दाब वाढला की दार गळायला लागतं. दोन ठोक्यांच्या मधे, जेव्हा हृदयानं शांत राहायचं असतं, तेव्हाच कॅल्शियम पाझरतं. ते बाहेर फेकायला एक पंप धावतो. हा पंप एक कॅल्शियम बाहेर टाकताना तीन सोडियम आत घेतो. हिशेब करा : कॅल्शियमचे दोन भार बाहेर, सोडियमचे तीन आत. प्रत्येक फेरीला एक भार आत जास्त. असे पुरेसे भार साठले की पेशीला वाटतं, ठोक्याचा संदेश आला. आणि ती ठोका देते, जो कुणी मागितलेलाच नसतो. एका पेशीचा असा चुकार ठोका बिघाड करत नाही, पण अशा अनेक पेशी एकदम बोलू लागल्या की लय फाटते.

इथे औषधाचं काम दार उघडणं किंवा बंद करणं एवढं सरळ नाही. ठोक्याच्या वेळी दार उघडलंच पाहिजे, नाहीतर हृदय आवळणार नाही. मधल्या वेळात ते गळायला नको. दाराला स्थिर करायचं, कुलूप लावायचं नाही. पहिला उपाय बीटा ब्लॉकर : ॲड्रेनॅलिनचा हुकूमच पेशीपर्यंत पोचू द्यायचा नाही. तेवढ्यानं सगळ्यांचं भागत नाही. २००९ मध्ये फ्लेकेनाइड या जुन्याच औषधाचा इथे उपयोग होतो असं पुढे आलं. त्याचा इतिहास काळा होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांचे अनियमित ठोके थांबवायला ते देत होते, ठोके थांबतही होते, पण १९८९ मध्ये एका मोठ्या चाचणीत उघड झालं की गोळी घेणारेच जास्त मरताहेत. चाचणी मधेच थांबवावी लागली. तेच औषध सीपीव्हीटीच्या मुलांना वाचवायला उपयोगी पडतंय. ते नेमकं कसं, यावर संशोधकांत अजून भांडण आहे : एका गटाचं म्हणणं ते रायनोडिनच्या दाराला थेट धरतं, दुसऱ्याचं म्हणणं ते सोडियमची दारं आवरून चुकार ठोक्याला भडकूच देत नाही. डँट्रोलीन नावाचं आणखी एक औषध आहे, भूल देताना क्वचित काही पेशंटचं अंग भयंकर तापतं आणि स्नायू ताठरतात तेव्हा वापरतात. तिथे ते हातापायांच्या स्नायूंमधल्या याच घराण्यातल्या दाराला स्थिर करतं. प्राण्यांत आणि मोजक्या सीपीव्हीटी पेशंटमध्ये हृदयाच्या दारावरही त्याचा तसाच परिणाम दिसलाय.

आपण परत रिंगरकडे जाऊ. १८८३ नंतर त्यानं कॅल्शियमचा पिच्छा सोडला नाही. मासे डिस्टिल्ड पाण्यात का मरतात, बेडकाच्या पिलांच्या वाढीला कुठले क्षार लागतात, रक्त गोठताना काय होतं, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचे भाऊबंद हृदयावर काय करतात, एकामागून एक पेपर. त्याच्या द्रावणाचा पसारा दुसऱ्यांनी वाढवला. फ्रँक लॉकनं सस्तन प्राण्यांच्या हृदयासाठी त्यात साखर आणली. आणि १९३२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी रक्त आम्लधर्मी झालेल्या मुलांसाठी त्यात सोडियम लॅक्टेट घातलं, ते यकृतात गेल्यावर आम्ल मारायला मदत करतं. तीच ती आरएलची बाटली. तिच्या लेबलवर कॅल्शियम क्लोराइड बघा, अगदी थोडं असतं. रक्ताच्या पिशवीबरोबर एकाच नळीतून आरएल चालवू नये असं शिकवतात ते त्याच्यामुळे : साठवलेलं रक्त गोठू नये म्हणून त्यातलं कॅल्शियम सायट्रेटनं बांधून ठेवलेलं असतं, आणि आरएल ते परत आणून देतं. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिकही आरएलमध्ये मिसळत नाहीत, कारण कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे बनतात.

रिंगर यातलं काही पाहायला नव्हता. घरी त्याच्या वाट्याला मोठं दुःख आलं होतं. बायको यॉर्कशरची, एक मुलगी लहानपणीच गेली. तिच्या आठवणीसाठी त्यानं यॉर्कशरमधल्या लॅस्टिंगहॅम या छोट्या गावातलं शेकडो वर्षांचं जुनं चर्च स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करवलं. १८७९ मध्ये ते काम झालं, वास्तुरचनाकार होते जॉन पिअर्सन, आणि वरचं दगडी घुमटाकार छत त्यांचंच. म्हणजे बेडकाच्या हृदयाचे ते प्रयोग मुलगी गेल्यानंतरचे.

१९०० मध्ये हॉस्पिटल सोडल्यावर तो त्याच गावात राहायला गेला. १४ ऑक्टोबर १९१० रोजी मेंदूच्या झटक्यानं तो गेला आणि लॅस्टिंगहॅममध्येच त्याला पुरलं.